घर जुनं, लोड नवा: कूलर बाहेर काढण्याआधी हे वाचा

एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या घरातला मेन स्विच कुठे आहे? आणि तो बंद कसा करायचा हे घरातल्या किती जणांना माहीत आहे? आजीला? आठवीतल्या मुलाला? उत्तर देताना थोडं अडखळायला झालं असेल, तर पुढची पाच-सात मिनिटं या लेखाला द्या. त्यातही तुम्ही भिलाईच्या एखाद्या सेक्टरमध्ये, दुर्गच्या जुन्या वस्तीत किंवा पलीकडे गोंदिया-भंडाऱ्याकडे तीस-चाळीस वर्षांपेक्षा जुन्या घरात राहत असाल, तर नक्कीच द्या.

भिलाईचं वय सगळ्यांना पाठ असतं. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर सेक्टर वसले, क्वार्टर उभे राहिले. नोकरीसाठी नागपूर-विदर्भाकडून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं इथेच रुजली. पुढे २००० नंतरच्या वर्षांत बरेच क्वार्टर कर्मचाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या लीजवर मिळाले आणि ‘कंपनीचं घर’ हळूहळू ‘आपलं घर’ झालं. मग मागच्या अंगणात खोली निघाली, पुढे पोर्च आला, स्वयंपाकघराला ओटा आणि टाइल्स लागल्या. एक गोष्ट मात्र बऱ्याच घरांत तशीच राहिली, ती म्हणजे भिंतीवरची किंवा भिंतीतली वायर. नवी खोली जुन्याच वायरीला जोडली गेली. एसीसुद्धा तिलाच.

साठ-सत्तरच्या दशकातल्या एखाद्या साध्या घराचा हिशोब करून बघा. साठ वॅटचे चार बल्ब, दोन पंखे, एक रेडिओ आणि कधीतरी इस्त्री. सगळं एकदम चालू केलं तरी बाराशे वॅटच्या आसपास, म्हणजे पाच-सहा अँपिअर. आता आजचं घर घ्या. दीड टनाचा एसी साधारण १५०० वॅट, गिझर २०००, इंडक्शन शेगडी २०००. हे तिघेच एका वेळी चालू झाले तर ५५०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २४ अँपिअर. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर आणि चार मोबाइल चार्जर मी अजून धरलेलेच नाहीत.

वायरीतून करंट वाहिला की ती तापते, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. पंख्यासाठी टाकलेल्या वायरीवर गिझर चालवणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर सिमेंटची पोती लादणं. जाईल, काही दिवस जाईल. त्या काळच्या अनेक घरांत वायर ॲल्युमिनियमची असायची, त्याहून जुन्या घरांत रबराचं आवरण असलेली, लाकडी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली. रबर वयानुसार कडक होतं, तडकतं, हात लावला की पापुद्रे निघतात. ॲल्युमिनियमला जिथे तांब्याची नवी वायर पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून जोडलेली असते, तिथे हवेतल्या ओलाव्याने सांधा हळूहळू खराब होत जातो. सांधा खराब झाला की तिथला रोध वाढतो, रोध वाढला की तो तापतो, तापला की आणखी ढिला होतो. बोर्डाच्या आत हे वर्षानुवर्षं चालू राहतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

काही खुणा मात्र दिसतात. गिझर लावला की ट्यूबलाइट मंदावते. एखादा स्विच नेहमी कोमट लागतो. बोर्डाजवळ प्लास्टिक जळल्यासारखा, काहींना तर माशासारखा वाटणारा वास येतो. फ्रिजच्या दाराला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. ही शेवटची खूण ‘थोडासा करंट मारतो’ म्हणून हसण्यावारी नेली जाते. आणि कूलरच्या बाबतीत नेमकी तीच जीव घेते.

कूलर: लोखंड, पाणी आणि रिकामं तिसरं भोक

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पत्र्याचा मोठा कूलर खिडकीला लागल्याशिवाय भागत नाही. जरा शांतपणे विचार केलात, तर घरातल्या विजेच्या वस्तूंमध्ये इतकी धोक्याची जुळणी दुसरी सापडणार नाही. बॉडी लोखंडाची. आत पाणी आणि पाण्यात बुडालेला पंप. भोवतालची जमीन ओली, पाणी भरणारा माणूस बऱ्याचदा अनवाणी. पंपाच्या वायरीचं आवरण एका जागी जरी सोललं, तरी अख्खी बॉडी ‘लाइव्ह’ होते. छत्तीसगडमध्ये आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. त्यात पाणी भरायला गेलेल्या बायका आणि खेळता खेळता हात लागलेली लहान मुलं असतात.

यावरचा उपाय म्हणजे अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन उपकरणाच्या धातूच्या अंगाला थेट जमिनीशी जोडते. बॉडीत करंट उतरला, तर त्याला तुमच्या शरीराऐवजी हा सोपा रस्ता मिळतो. पण जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट बसवलेलं असतं आणि वरच्या भोकामागे वायरच नसते! भोक फक्त शोभेला. काही ठिकाणी पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपलाच अर्थची वायर बांधलेली असायची. ते तेव्हाही योग्य नव्हतं, पण निदान पाइप जमिनीत जायचा. मग बाथरूमचं नूतनीकरण झालं, लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचे आले आणि घराचं अर्थिंग कुणाच्या लक्षात न येता भंगारात गेलं. तुमच्याकडे गेल्या काही वर्षांत प्लंबिंग बदललं असेल, तर अर्थिंग कुठे जोडलंय हे मुद्दाम तपासून घ्या.

इथल्या मातीचाही यात वाटा आहे. छत्तीसगडचे शेतकरी जमिनीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावं देतात. कन्हार काळी, ओल धरून ठेवणारी. भाटा लाल, मुरमाड, लगेच कोरडी पडणारी. वीज ओल्या मातीतून सहज जाते, कोरड्या मुरमातून नाही. म्हणजे ऐन मे महिन्यात, कूलर सर्वांत जास्त चालतो तेव्हाच, अर्थिंगचा खड्डा सर्वांत निकामी असतो. म्हणून निदान अडीच मीटर लांबीचा पाइप खोल उभा पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात आणि वर पाणी ओतायला जागा ठेवतात. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात नियमित पाणी घाला. तुळशीला घालताच ना, त्यातली एक बादली तिकडे.

एमसीबी वायरीसाठी, आरसीसीबी माणसासाठी

बऱ्याच जणांना वाटतं, जुना चिनी मातीचा किटकॅट फ्यूज काढून एमसीबी लावला की आपण सुरक्षित झालो. अर्धंच खरं. एमसीबी फ्यूजपेक्षा नक्कीच चांगला, कारण फ्यूजमध्ये कुणीतरी जाडजूड तांब्याची तार घालून ठेवलेली असते आणि मग तो काही केल्या उडत नाही. पण एमसीबीचं काम वायर वाचवण्याचं आहे. ६ अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला मात्र एका अँपिअरचा दहावा भागही पुरेसा असतो. तुम्हाला शॉक बसत असेल तेव्हा एमसीबी निवांत बसून राहील.

त्यासाठी असतो आरसीसीबी. तो फेजमधून किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, यांची सतत तुलना करतो. दोन्ही सारखे असायला हवेत. थोडा जरी कमी परत आला, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने, कदाचित एखाद्या माणसातून, जमिनीत जातोय. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. एवढी गळती झाली की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत तो सगळं बंद करतो. दोन्ही हवेत: अर्थिंग असेल तर कूलरची बॉडी लाइव्ह होताक्षणी आरसीसीबी पडतो, कुणाचा हात लागण्याची वाट बघत नाही.

आता खरी गोम. जुन्या वायरिंगवर नवा आरसीसीबी लावला की तो बहुतेक वेळा वारंवार पडायला लागतो. मिस्त्रीभैया म्हणतात, पीस खराब निघाला, आणि तो बायपास करून टाकतात. पीस सहसा खराब नसतो. जुन्या घरात एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीतून उसना घेतलेला असतो, इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो, किंवा भिंतीतली ओल वायरीत शिरलेली असते. आरसीसीबी फक्त खरं बोलतोय. बायपास करू देऊ नका. कुठल्या सर्किटमुळे पडतो ते एकेक एमसीबी बंद करून शोधायला सांगा. इथेच कळतं की नुसता नवा डबा बसवून भागणार नाही, वायरिंगच बदलायला हवं.

काम काढायचं ठरलं, तर

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पंखे बंद ठेवता येतात, भिंती कोरड्या असतात. एप्रिलमध्ये मिस्त्री मिळत नाहीत आणि मिळाले तरी घाईत असतात.

भिंत फोडून आतून पाइप टाकायचे की वरून पट्टी मारायची, हा घरोघरी वादाचा विषय. माझं मत विचाराल तर जुन्या, विटांच्या भिंतींवर छत पेलणाऱ्या घरात वरून पीव्हीसी पट्टीच बरी. आडव्या लांबच लांब झिऱ्या मारल्या की अशी भिंत कमकुवत होते. पट्टी दिसायला जरा साधी दिसते खरी, पण पुढे दुरुस्ती सोपी जाते आणि धूळही कमी होते. घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर हा मुद्दा लहान नाही.

वायरीची जाडी लक्षात ठेवायला सोपी आहे. लाइट-पंख्याला दीड एमएम, साध्या पॉवर सॉकेटला अडीच, एसी आणि गिझरला चार. एसी, गिझर आणि स्वयंपाकघर यांना प्रत्येकी स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी. रंगांवर तडजोड नको: फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. शिल्लक राहिली म्हणून हिरवी वायर फेजला वापरली, तर दहा वर्षांनी येणारा दुसरा मिस्त्री तिला विश्वासाने हात लावेल.

सुपेलाच्या बाजारात वायर घ्यायला गेलात, तर गुंडाळीवर आयएसआय चिन्ह, ‘आयएस ६९४’ आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. फोनवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या, तो क्रमांक त्यात टाका. परवाना खरा आहे की नाही, दुकानाच्या काउंटरवरच समजेल. नामांकित कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर बदलून विकली जाणारी वायर दिसायला हुबेहूब असते. आत तांबं कमी असतं. बिल पक्कं घ्या.

मजुरी ‘पॉइंट’वर ठरते, आणि भांडणंही तिथेच होतात. एका पॉइंटमध्ये काय काय धरलंय हे आधी लिहून घ्या: वायर, पट्टी, स्विच, जुनं काढणं? मिस्त्रीकडे वायरमनचा परवाना आहे का, हे विचारायला संकोच करू नका. मीटरच्या अलीकडचं काम तुमचं, पलीकडचं वीज देणाऱ्या विभागाचं. लोड वाढणार असेल तर मंजूर लोड वाढवून घ्यायचा अर्ज आधीच करा.

काम संपल्यावर, पैसे देण्याआधी मेगरने तपासणी करून घ्या. हे यंत्र वायरीच्या आवरणातून गळती होते का ते मोजतं. आकडा १ मेगाओमच्या खाली नको. अर्थिंगचीही मोजणी करायला सांगा. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबून तो तुमच्यासमोर पडतो का बघा. पुढेही महिन्यातून एकदा दाबत जा.

इथे एक गंमत नोंदवल्याशिवाय राहवत नाही. कारखान्यात परमिट घेतल्याशिवाय आणि लाइन बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय कुणी हात लावत नाही. तोच माणूस घरी येतो आणि मेन चालू ठेवून, एका पायावर स्टुलावर उभा राहून फ्यूज बदलतो!

सगळं वायरिंग यंदा जमणार नसेल, तर निदान कूलरपुरतं काम थांबवू नका. त्याच्यासाठी वेगळी लाइन, चालू अर्थिंग आणि आरसीसीबी, एवढं एका दिवसात होतं. तोपर्यंत पाणी भरण्याआधी नुसता स्विच नाही, प्लगच काढा. वायरीची उघडी टोकं काडेपेटीच्या काडीने सॉकेटमध्ये खोचणं आजपासून बंद. आणि कुणी चिकटलंच, तर त्याला हात लावायला धावू नका. आधी मेन स्विच. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला वेगळं करा, मग १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाब देत राहा.

नवा डिस्ट्रिब्यूशन बॉक्स बसला की प्रत्येक एमसीबीखाली मराठीत चिठ्ठी चिकटवा: ‘कूलर’, ‘गिझर’, ‘आजीची खोली’. मेनवर लाल रंगाची. आणि पट्ट्यांवर झाकण बसण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. पुढच्या वर्षी घड्याळासाठी खिळा ठोकताना उपयोगी पडतील.