ठेवलेली प्रत हातीं कां येत नाहीं?

महत्त्वाचा कागद जपून ठेवावा आणि त्याची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणीं असावी, हें आपणांपैकीं कोणास नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. घराचें खरेदीखत कपाटांत असतें आणि त्याची नक्कल भावाकडे असते. इतकी दक्षता आपले वाडवडीलही घेत असत. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कागदाची जागा संगणकानें घेतली. लग्नकार्याचीं छायाचित्रें, घरचा हिशेब, मुलांचीं प्रमाणपत्रें, इतकेंच नव्हे तर गेलेल्या माणसांचे आवाजदेखील आतां तळहाताएवढ्या एका डबीवर राहतात. या डबीस हार्ड डिस्क म्हणतात, आणि ती केव्हांतरी बंद पडावयाचीच.

त्या दिवसासाठीं जी राखीव प्रत काढून ठेवतात तिला बॅकअप म्हणतात, व ती प्रत पुन्हां संगणकावर आणण्यास रिस्टोअर म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी असते कीं पहिली गोष्ट केली म्हणजे दुसरी आपोआप साधते. अनुभव निराळा आहे. प्रत वर्षानुवर्षें निघत असते, आणि नेमकी गरजेच्या वेळीं ती उघडत नाहीं, अपुरी निघते किंवा वाचतां येत नाहीं. असें कां होतें आणि त्यावर उपाय काय, हा आजचा विषय आहे.

या विषयाचें एक थोर उदाहरण आपल्या नगर जिल्ह्यांतच आहे. नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. पुढें जवळजवळ तीनशें वर्षें ती हातानें उतरलेल्या पोथ्यांतून गांवोगांव गेली. उतरतांना कोठें शब्द गळाला, कोठें बदलला, कोठें कोणी आपल्या पदरची ओवी घातली. अखेर पैठणच्या एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, तिचा पाठ शुद्ध केला, आणि यापुढें कोणीं त्यांत स्वतःची ओवी घालूं नये अशी ताकीदही दिली. प्रती पुष्कळ होत्या म्हणून ग्रंथ टिकला. जाणत्या माणसानें त्या उघडून तपासल्या म्हणून तो शुद्ध स्वरूपांत आपणांस मिळाला. आपल्या घरच्या संगणकालाही हाच न्याय लागू आहे. प्रत काढणें हें अर्धें काम. ती उघडून पाहणें हें उरलेलें अर्धें.

आतां अडथळ्यांकडे वळूं. पहिला प्रकार असा कीं प्रत निघतच नाहीं. बाहेरची डिस्क जोडली तरी संगणकास ती दिसत नाहीं. येथें घाबरून न जातां प्रथम तार बदलून पाहावी, कारण दोष पुष्कळदां तारेचाच असतो. मग ती दुसऱ्या खांचेंत लावावी. मेजावरील संगणक असेल तर पाठीमागची खांच अधिक भरंवशाची, कारण ती थेट मुख्य पाटीवर बसविलेली असते. कधीं डिस्क दिसते, पण बॅकअप करणारा प्रोग्राम ‘डिस्क सांपडत नाहीं’ असें म्हणतो. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते. काल जी डिस्क ‘ई’ होती ती आज मध्येंच एखादा पेनड्राइव्ह लावल्यामुळें ‘एफ’ झाली, आणि प्रोग्राम मात्र ‘ई’ शोधीत बसला, असा हा घोटाळा असतो. ‘डिस्क मॅनेजमेंट’ या सोयींत जाऊन डिस्कला कायमचें एक अक्षर, शक्य तर वर्णमालेच्या शेवटाकडील, नेमून दिलें म्हणजे तो मिटतो.

दुसरा नेहमींचा अनुभव म्हणजे डिस्कवर भरपूर जागा असूनही लग्नाची लांबलचक चित्रफीत तिच्यावर जात नाहीं. याचें कारण डिस्कच्या आंतील मांडणींत आहे. फॅट-३२ नांवाच्या जुन्या मांडणींत एक फाईल ४ जीबीहून मोठी असूं शकत नाहीं, मग डिस्क कितीही मोठी असो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस ही मांडणी केली कीं ही मर्यादा जाते. मात्र मांडणी बदलणें म्हणजे डिस्क फॉरमॅट करणें, आणि त्यांत तिच्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. म्हणून आधीं तो दुसरीकडे हलवावा आणि मगच हें काम करावें.

विजेचाही विचार करावा. प्रत निघत असतां वीज गेली तर ती अर्धवट राहते, आणि अर्धवट प्रत ही वरून पाहतां पुऱ्या प्रतीसारखीच दिसते. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. म्हणून मेजावरील संगणकास यूपीएस असावा. काम संपल्यावर डिस्क एकदम ओढून काढूं नये. ती सुरक्षित काढण्याची आज्ञा संगणकास द्यावी. कारण पडद्यावर काम संपलेलें दिसलें तरी शेवटचा मजकूर डिस्कवर उतरावयाचा राहिलेला असूं शकतो.

दुसऱ्या प्रकारांत प्रत निघते, पण पुरी निघत नाहीं. हा प्रकार पहिल्यापेक्षां घातक, कारण तो कळतच नाहीं. विंडोजमध्यें २०१२ सालापासून ‘फाईल हिस्टरी’ नांवाची सोय आहे. एकदां चालू केली म्हणजे ती दर तासाला नव्या व बदललेल्या फाईलींची प्रत घेते. परंतु ती सगळ्या संगणकाची प्रत घेत नाहीं. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डेस्कटॉप अशा ठराविक जागांचीच घेते. आपल्याकडे तर संगणक विकतांनाच त्याचे ‘सी’ आणि ‘डी’ असे भाग पाडून देण्याची रीत फार, आणि ‘डी’ भाग सुरक्षित असें समजून लोक मोलाचें सामान तेथेंच ठेवतात. तो भाग मुद्दाम यादींत घातल्याशिवाय त्याची प्रत निघत नाहीं. शिवाय ‘सी’ आणि ‘डी’ हे बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. एकाच पेटीच्या दोन कप्प्यांत दोन नकला ठेवल्या आणि पेटीच जळाली, तर दोन्ही जावयाच्या.

सावेडींतील माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं नेमकें हेंच घडलें. त्यांच्या मातोश्रींस जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. त्या बाईंच्या अखेरच्या पांच-सहा वर्षांत मुलानें त्या त्यांच्याच आवाजांत ध्वनिमुद्रित केल्या आणि टंकून वहीही तयार केली. वही डॉक्युमेंट्समध्यें होती, आवाज ‘डी’ भागांत. पुढें मातोश्री गेल्या, आणि वर्षाच्या आंत डिस्कही गेली. राखीव डिस्क हातीं होती, म्हणून घरांत कोणी फारशी चिंता केली नाहीं. ती उघडली तेव्हां वही मिळाली, परंतु आवाजाची एकही फाईल तिच्यांत नव्हती. संगमनेरास बहिणीला एका दिवाळींत पेनड्राइव्हवर कांहीं ओव्या दिल्या होत्या. त्या तेवढ्या परत आल्या. त्या दिवाळीनंतर म्हटलेल्या ओव्या, म्हणजे आईचा अखेरचा आवाज, कायमचा गेला.

वहीचाही प्रसंग सांगण्याजोगा आहे. नव्या संगणकावर ती उघडतांच मराठीच्या जागीं रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसूं लागली. घरच्यांस वाटलें, फाईल बिघडली. ती बिघडलेली नव्हती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं श्रीलिपि, कृतिदेव, सी-डॅकचा सुरेख अशा फॉन्टांत मराठी टंकीत असत. त्यांत युक्ति अशी होती कीं रोमन अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे आकार बसविलेले असत. संगणक आपल्या समजुतीनें रोमन अक्षरेंच सांठवीत असे आणि फॉन्ट तीं मराठी करून दाखवीत असे. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला कीं सोंग उतरतें. म्हणून जुन्या मराठी लेखनाबरोबर त्याचा फॉन्टही जपून ठेवावा. तो नव्या संगणकावर बसवितांच मजकूर बहुधा पूर्ववत दिसतो. मग रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनें तो युनिकोडमध्यें आणावा. युनिकोडमध्यें देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचें घर १९९१ पासूनच दिलेलें आहे. रूपांतरांत जोडाक्षरें, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी चुकण्याचा संभव असतो. म्हणून एकदां ओळीनें वाचून पाहावें.

तिसरा प्रकार म्हणजे समजुतीचा घोटाळा. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा आपल्या फाईली दूरच्या संगणकावर ठेवतात, आणि लोक त्यालाच बॅकअप समजतात. परंतु या सेवा बहुधा जुळवणीचें काम करतात, म्हणजे इकडे जें होतें तेंच तिकडे करतात. घरीं चुकून फाईल पुसली तर तिकडचीही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटींत ती तीस दिवस राहते. त्यानंतर ती जाते. घर जळालें किंवा चोरी झाली तर या सेवा फार उपयोगीं पडतात. आपल्याच हातची चूक मात्र त्या इमानानें दुसरीकडे पोंचवितात.

चौथा प्रकार म्हणजे प्रत पुरी आहे, पण ती परत आणतां येत नाहीं. नव्या पुष्कळ संगणकांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. या कुलपास बिटलॉकर म्हणतात. संगणक बिघडून त्याची डिस्क दुसऱ्यास जोडली तर ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत असते. ती आजच काढून कागदावर उतरून घ्यावी आणि खरेदीखताशेजारीं ठेवावी. किल्ली नसेल तर कोणताही कारागीर ती डिस्क वाचून देऊं शकत नाहीं. कधीं ‘परवानगी नाहीं’ असा निरोप येतो. फाईल जुन्या संगणकावरील खात्याच्या नांवें असते आणि नवा संगणक त्या खात्यास ओळखत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन मालकी आपल्या नांवें करून घेतली कीं दार उघडतें. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपल्यामुळें पुष्कळ घरीं नवा संगणक येत आहे, तेव्हां ही अडचण अनेकांस भेटेल. जुना संगणक मोडींत देण्यापूर्वींच प्रत नव्यावर उघडून पाहावी.

परत आणतांना दोन पथ्यें पाळावीं. प्रत मूळ जागेवर आणूं नये; निराळें फोल्डर करून तेथें आणावी, नाहींतर जुन्या मजकुराखालीं नवा गाडला जाईल. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती तत्काळ बंद करावी. पुनःपुन्हां चालू करून पाहण्यानें आंतील तबकडीवर चरे पडतात आणि जें जाणत्या कारागिरास काढतां आलें असतें तेंही जातें.

हे दोष केवळ घरगुती माणसांचेच आहेत असें समजूं नये. गिटलॅब ही संगणकाचे प्रोग्राम सांभाळून ठेवणारी जगप्रसिद्ध कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तिच्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य माहितीच पुसली गेली. राखीव व्यवस्था एक नव्हे, पांच होत्या, परंतु त्यांपैकीं एकही विश्वासानें कामास आली नाहीं. रोजची प्रत कित्येक दिवस निघतच नव्हती, आणि तसा इशारा देणारीं पत्रें कोणाला पोंचत नव्हतीं. सुदैवानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं काढलेली एक प्रत सांपडली. मधल्या सहा तासांची माहिती मात्र गेली. प्रती उघडून पाहण्याचें काम कोणाचें, हें तेथें ठरलेलें नव्हतें.

तर मग गृहस्थानें काय करावें? मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी प्रत घराबाहेर असावी. मुंबईस २१ जून २०१२ रोजीं मंत्रालयास आग लागली तेव्हां असंख्य कागदपत्रें भस्म झालीं; एकाच छपराखालच्या नकला एकाच आगींत जातात. राखीव डिस्क काम संपतांच संगणकापासून सोडवून ठेवावी. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या विषाणूनें जगभर संगणकांतील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असा विषाणू संगणकास जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडीत नाहीं.

आणि येत्या रविवारीं तासभर वेळ काढून घरांतील दोघांनीं मिळून एक परीक्षा घ्यावी. राखीव डिस्क घ्यावी आणि ती स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्याच संगणकास जोडावी. एक जुनें छायाचित्र, एक चित्रफीत, एक आवाज, एक मराठी लेख आणि एक हिशेबाची फाईल, अशा पांच वस्तू तिच्यांतून निराळ्या फोल्डरांत आणाव्या आणि उघडाव्या. चित्रफीत शेवटपर्यंत चालते का, तें पाहावें. मूळ फोल्डरांतील फाईलींची संख्या आणि प्रतींतील संख्या जुळते का, तेंही पाहावें. परीक्षेची तारीख डिस्कवर चिठ्ठी लावून लिहावी आणि तीन महिन्यांनीं पुन्हां तसेंच करावें. जी वस्तु उघडली नाहीं तिचें नांव लिहून ठेवावें आणि मूळ संगणक चालूं आहे तोंवरच तिची नवी प्रत काढावी.