प्रार्थनेच्या मेळाव्यात मुलांची जागा



आपल्या मॉरिशस बेटावर देऊळ, मशीद आणि चर्च एकमेकांच्या शेजारी नांदतात. आपल्यापैकी पुष्कळांचे शेजारी ख्रिस्ती आहेत, कित्येकांचे व्याही आणि जावईही ख्रिस्ती आहेत. धर्म कोणताही असो, लहान मुलांच्या आईबापांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. मोठा प्रार्थना-मेळावा आहे, तीनचार दिवसांचा आहे, भजन आहे, प्रवचन आहे. अशा ठिकाणी दोन-चार वर्षांच्या पोराला घेऊन जावे काय? नेले तर त्याला आपल्याजवळ बसवावे, की मुलांसाठी केलेल्या निराळ्या खोलीत ठेवावे?

हा प्रश्न अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या रीतींनी सोडवून पाहिला आहे. त्यांचा अनुभव आपल्याही उपयोगी पडण्यासारखा आहे.

रानातले मेळावे

ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकी राज्यातील केन रिज या ठिकाणी एक मोठा मेळावा भरला. बार्टन स्टोन नावाचे पाद्री तेथे होते. त्या काळी केंटकीतील सर्वांत मोठे गाव लेक्सिंग्टन, आणि त्याची वस्ती दोन हजारसुद्धा नव्हती. तरीही केन रिजला दहा हजारांपासून वीस हजारांपर्यंत माणसे जमली असावीत, असा अंदाज त्या वेळी पाहणाऱ्यांनी केला. रानात तंबू ठोकले, गाड्या सोडल्या, चुली मांडल्या, आणि जवळजवळ आठवडाभर प्रार्थना चालली.

या गर्दीत मुले होती काय? होती. दूरदूर वस्ती करून राहिलेले शेतकरी घरदार बंद करून आले होते. मागे पोरे सांभाळणार कोण? म्हणून तान्ह्या मुलांपासून आजीपर्यंत सारे कुटुंब गाडीत बसून आले. मुलांसाठी निराळी सोय अशी काहीच नव्हती. ती गाडीत झोपत, चुलीजवळ जेवत आणि मोठी माणसे गात तेव्हा ऐकत.

आपल्या पूर्वजांना यात काही नवल वाटले नसते. कोकणातून उसाच्या मळ्यांवर आलेल्या त्या माणसांच्या भजनालाही पोरेबाळे असतच. पोर आईच्या मांडीवर झोपून जाई, आणि टाळाचा आवाज त्याच्या झोपेत शिरे.

पुढे या रानातल्या मेळाव्यांना कायमची गावे लाभली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर १८३५ पासून मेथडिस्ट लोकांचा मेळावा भरू लागला. प्रथम तंबू होते, नंतर त्याच तंबूंच्या जागी कोरीव लाकडी नक्षीची चिमुकली घरे उभी राहिली. तेथे १८६९ पासून उन्हाळ्यात एका रात्री साऱ्या घरांवर कागदी कंदील लावतात. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील ओशन ग्रोव्ह हे गाव १८६९ साली याच कामासाठी वसले. तेथील १८९४ च्या प्रचंड लाकडी सभागृहाभोवती आजही दर उन्हाळ्यात शंभरावर तंबू उभे राहतात, आणि काही घराण्यांत तंबूची जागा पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. आजोबा ज्या तंबूत लहानपणी झोपले, त्याच जागी नातू झोपतो. मुलाला प्रवचनातले एक अक्षर कळले नाही तरी ही जागा आपली आहे एवढे त्याला पक्के कळते.

उघडणारी दारे

ऑगस्ट १८७४ मध्ये न्यू यॉर्क राज्यात शटॉक्वा नावाच्या सरोवराकाठी दोन माणसांनी एक नवा मेळावा सुरू केला. एक जॉन व्हिन्सेंट, मेथडिस्ट पाद्री. दुसरे लुईस मिलर, ओहायो राज्यातील ॲक्रन शहरचे कारखानदार. (याच मिलर यांची कन्या मिना हिच्याशी पुढे थॉमस एडिसनचा विवाह झाला.) हा मेळावा मुख्यतः रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्यांसाठी होता, तेव्हा मुलांचा विचार आरंभापासूनच झाला. सरोवराच्या काठी मातीदगडांचा एक छोटा पॅलेस्टाईन देश रचला होता. सरोवर म्हणजे भूमध्य समुद्र, उंचवटे म्हणजे डोंगर. बायबलातील गावे पायी हिंडून शिकायची. ते उद्यान आजही तेथे आहे. मुलामुलींसाठी तेथे १८९३ मध्ये दिवसभराचा क्लबही निघाला, आणि तो अजून चालू आहे.

मिलर यांनी आणखी एक गोष्ट केली होती. ॲक्रन येथील आपल्या चर्चसाठी त्यांनी १८७० च्या सुमारास रविवारच्या शाळेची एक निराळीच इमारत बांधवली. मध्ये मोठा दिवाणखाना, आणि त्याच्या भोवती अर्धवर्तुळात लहान लहान वर्ग. प्रत्येक वर्गाला मध्याकडे उघडणारे दार. प्रार्थना आणि गाणे सुरू झाले की सारी दारे उघडायची, म्हणजे सर्व वयाची माणसे एकमेकांना दिसत. मग दारे लावून ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे धडा शिकवायचा. शेवटी पुन्हा दारे उघडायची. ही रचना इतकी आवडली की देशभर तशी असंख्य चर्चे बांधली गेली.

विसाव्या शतकात मात्र ही पद्धत मागे पडली. मुलांचे वर्ग इमारतीच्या दुसऱ्या अंगाला गेले. पुढे पुष्कळ चर्चांत रडणाऱ्या बाळांसाठी काचेची खोली आली. आई काचेतून पाहते, भोंग्यातून ऐकते, पण बाळाचा आवाज बाहेर जात नाही. मोठ्यांना शांतता मिळाली. मुलांना मात्र प्रार्थना ही शेजारच्या दालनात चालणारी गोष्ट वाटू लागली, आणि मुले मोठी झाल्यावर चर्चला येत नाहीत ही काळजीही पुढे अमेरिकेत वाढतच गेली. त्याला कारणे अनेक आहेत, सारा दोष एका काचेवर टाकता येणार नाही. तरी ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

बाजाजवळचा मुलगा

अटलांटा शहरातील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये आल्बर्टा विल्यम्स किंग नावाच्या बाई ऑर्गन वाजवीत. त्यांचा मुलगा मार्टिन १९२९ साली जन्मला. तो अगदी लहान असतानाच आई त्याला निरनिराळ्या चर्चांत आणि मेळाव्यांत नेई. आई वाजवी आणि मुलगा उभा राहून गाई. त्याच्या गाण्याचे लोक कौतुक करीत. त्याला तेथे बसवून ठेवलेले नव्हते, त्याला काम दिलेले होते. हाच मुलगा पुढे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग म्हणून जगाला माहीत झाला. त्यांच्या भाषणातील चढउतार आणि सभेला आपल्याबरोबर नेण्याची ताकद काळ्या लोकांच्या चर्चमधूनच आली, असे त्यांचे चरित्र वाचणाऱ्या कोणालाही दिसते. मुलाचा वध १९६८ मध्ये झाला. ३० जून १९७४ रोजी, रविवारच्या प्रार्थनेत ऑर्गनवर बसलेल्या त्या मातेलाही एका माणसाने गोळ्या घालून ठार केले.

रमाबाई आणि मनोरमा

आपल्या मराठी माणसांतही एक उदाहरण आहे. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळणार होती, तो समारंभ पाहण्यासाठी त्या गेल्या. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. बरोबर त्यांची मुलगी मनोरमा होती, पाच वर्षांचीही नव्हती. रमाबाईंनी फिलाडेल्फियात बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. मग हिंदुस्थानातील विधवांच्या शाळेसाठी मदत मिळवण्याकरिता त्या अमेरिकाभर भाषणे देत हिंडल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एवढ्या प्रवासात लहान मुलीला फिरवणे शक्य नव्हते. तिला इंग्लंडात वाँटेज येथील धर्मभगिनींकडे ठेवावे लागले.

आईच्या जिवाला हे सोपे गेले असेल काय? पण त्या विरहातून मुलगी परकी झाली नाही. ती मोठी झाल्यावर आईच्याच संस्थेत शिक्षिका आणि आधारस्तंभ बनली. मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या आणि रमाबाई १९२२ मध्ये. सांगायचे ते असे, की प्रत्येक ठिकाणी मुलाला न्यावेच असा हट्ट नको. कधी न नेणेही प्रेमाचेच असते. मात्र आईचे काम काय आहे ते मुलाला कळले पाहिजे, आणि पुढे त्या कामात त्याला हात घालू दिला पाहिजे.

आजच्या परिषदेला जाताना

मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरी कॅल्व्हिन विद्यापीठात हिवाळ्यात ख्रिस्ती उपासनेवर परिषद भरत आलेली आहे. तिला देशोदेशींची माणसे येतात. ज्या डच लोकांनी १५९८ साली आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव दिले, त्यांच्याच देशातील माणसे १८४७ च्या सुमारास मिशिगनच्या त्या भागात येऊन वसली. जवळच्या हॉलंड गावातील धर्मशास्त्र विद्यालयात सोन्या स्टुअर्ट नावाच्या बाई शिकवीत. त्यांनी आणि जेरोम बेरिमन यांनी १९८९ मध्ये लहान मुलांच्या उपासनेवर एक पुस्तक लिहिले. त्यांची पद्धत मारिया मॉन्टेसरीबाईंच्या विचारांवर उभी आहे. मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये हिंदुस्थानात आल्या होत्या. त्यांच्याच विचारांचा धागा घेऊन आपल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाड येथे बालवाड्या चालवल्या. स्टुअर्टबाईंच्या पद्धतीत तीन ते सात वर्षांची मुले थोडा वेळ निराळ्या खोलीत जातात. लाकडी बाहुल्यांवरून गोष्ट ऐकतात आणि शांत बसायला शिकतात. परंतु हा सारा अभ्यास पुढे मोठ्यांच्या प्रार्थनेत सामील होण्यासाठी असतो. मिलर यांची उघडणारी दारे पुन्हा आली, असेच म्हणावे लागेल.

आपल्या बेटावरून अशा परिषदेला मुलांसह जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

कडेवरच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. आपल्याकडे जानेवारीत घामाच्या धारा असतात, तेव्हा मिशिगनात बर्फ असते. लोकरीचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवावेत.

हिवाळ्यात मिशिगनचे घड्याळ आपल्यापेक्षा नऊ तास मागे असते. तेथे संध्याकाळी सात वाजता भजन सुरू होते, तेव्हा मुलाच्या शरीराला पहाटेचे चार वाजलेले असतात. ते किरकिरले तर त्याला हट्टी म्हणू नये. पहिले दोन दिवस संध्याकाळची सभा सोडावी आणि सकाळची धरावी.

मोठ्या सभागृहांत वाद्यांचा आवाज फार असतो. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यासाठी ८५ डेसिबल ही मर्यादा अमेरिकेतील तज्ज्ञांनी सांगितलेली आहे. लहान मुलांचे कान त्याहून नाजूक. कानांवर बसवायची आवरणे बाजारात मिळतात, ती घ्यावीत आणि भोंग्यापासून दूर बसावे.

मुलांच्या खोलीत ठेवायचे असेल तर अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी मुलाच्या अंगावर एक चिठ्ठी चिकटवतात आणि त्याच क्रमांकाची दुसरी आईबापांना देतात. ती दाखवल्याशिवाय मूल परत देत नाहीत, आजीलासुद्धा नाही. याचा राग मानू नये. सांभाळणाऱ्यांची आधी चौकशी झालेली आहे काय आणि एका मुलाबरोबर एकच मोठे माणूस एकटे राहत नाही ना, हे आपणही विचारावे. शेंगदाण्याने काही मुलांच्या जिवावर बेतते, म्हणून आपला शेंगदाण्याचा लाडू त्या खोलीत पाठवू नये.

आणि दिवसातून एक तरी भजन मुलाला आपल्याजवळ घेऊन म्हणावे. तेवढ्यासाठी त्याला झोप झालेली, पोट भरलेले आणि कडेच्या खुर्चीवर बसवलेले असावे.

आपल्या घरची गोष्ट

हे सारे वाचून कोणी म्हणेल, आम्हाला ख्रिस्ती परिषदेशी काय करायचे? पण गणेशचतुर्थीला आपल्या घरी काय चालते ते पाहावे. आपल्या मुलांची रोजची बोली क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. पुष्कळ घरांत मराठी शब्द कानावर पडतात ते आरतीच्या वेळी आणि झाकरी नाचताना. अशा वेळी मूल गोंधळ करते म्हणून त्याच्या हाती मोबाइल देऊन बाजूच्या खोलीत बसवले, तर त्याच्या वाट्याला आलेले मराठीही गेले. प्रसाद त्याला मिळाला, पण ज्या शब्दांनी तो मागायचा ते शब्द मिळाले नाहीत.

काम देण्याला मोठा खर्च नाही. एकाने टाळ धरावा, एकाने घंटा वाजवावी, एकाने फुले वाटावीत. ज्याला अक्षरे येतात त्याने आरतीचे पुस्तक धरून आजोबांना पान काढून द्यावे. झाकरीच्या फेरात सगळ्यात लहान मुलाला आतल्या बाजूला घ्यावे, म्हणजे त्याला धक्का लागत नाही आणि पाय कसे टाकायचे ते दिसते. मूल थकले की त्याला खुशाल झोपू द्यावे. आपल्या मंडळींनी पुढच्या गणपतीपूर्वीच्या सभेत वर्गणी आणि मांडव यांबरोबर एवढेही ठरवावे, की या वर्षी कोणत्या मुलाच्या हातात काय द्यायचे.