उन्हाळा कोणाच्या खात्यात?

मार्च संपत आला की मेडशीच्या बसथांब्यावर एकच वाक्य ऐकू येते : "ऊन काही सरकारच्या हातात नाही." हे खरे आहे. पण उन्हाने माणूस दगावू नये, हे बऱ्याच अंशी सरकारच्या हातात आहे. कोणत्या सरकारच्या, एवढेच आज पाहू.

इशारा देणे हे केंद्राचे काम. हवामान खाते केंद्राचे असून विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून येतो. मैदानी भागात पारा 40 अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी वाढला, किंवा थेट 45 वर पोचला, तर ती उष्णतेची लाट समजतात.

सार्वजनिक आरोग्य हा घटनेनुसार राज्याचा विषय. डॉक्टरांच्या नेमणुका, औषधे, 108 ची रुग्णवाहिका ही राज्याची जबाबदारी. प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद.

राहिली ग्रामपंचायत. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय सांगितले. त्यांत पिण्याचे पाणी, आरोग्य व सामाजिक वनीकरण आहे.

अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेत फार माणसे गेली. तेथील महापालिकेने 2013 साली उष्णता कृती आराखडा केला : इशारा कोणी कोणाला कळवायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, हे आधीच ठरवले. मला यातला मुद्दा महत्त्वाचा वाटतो तो असा, की इशारा वरून येतो, पण तो माणसापर्यंत पोचवावा लागतो गावातच. शेतात राबणाऱ्या मजूर बाईला मोबाईलवरचा संदेश दिसेलच असे नाही.

म्हणून ग्रामसभेत फेब्रुवारीतच तीन गोष्टी मागाव्यात : इशाऱ्याच्या दिवशी भोंग्यावरून सूचना, बसथांब्यावर सावली व पाणी, आणि दुपारी 12 ते 3 मजुरीच्या कामाला सुट्टी. आरोग्य केंद्रात जलसंजीवनी व बर्फ आहे का, हेही विचारावे.

आणि घरच्यांचे काम? अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, झटके किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे. रोग्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा व लगेच 108 ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. गाडी येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये.