पाणी वाहून जाते, गाळ राहतो

नदीत खाणीचा धातू उतरला की नाही, हे नुसते पाणी पाहून कळत नाही. आम्हा पवनीकरांना मात्र हा प्रश्न टाळता येणार नाही. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तिकडचे पाणी वैनगंगेच्याच खोऱ्यात उतरते. दुसरीकडून कन्हान येते. कोळसा खाणींचा व कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांचा मुलूख ओलांडून, नागपूरचे सांडपाणी वाहणारी नाग नदी पोटात घेऊन. हे सारे गोसीखुर्द धरणात येऊन थांबते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेचा बांध फुटला, तेव्हा राख कन्हान नदीपर्यंत गेली. कोळसा जळतो, त्यातले शिसे आणि आर्सेनिक राखेत उरते.

धातू बारीक मातीला चिकटून तळाशी बसतो. म्हणून आज भरलेली बाटली आजचेच सांगते, गाळात मात्र वर्षानुवर्षांची खतावणी असते. (आम्ही पडलो कारकून, आम्हाला हीच भाषा कळते!) खाणीच्या वरचा गाळ, खालचा गाळ, प्रत्येक उपनदी मिळण्याआधीचा व नंतरचा गाळ तपासला, की भर कुठे पडली ते उघड होते. शिवाय खाण नसलेल्या ओढ्याचाही नमुना हवा. आपल्या मातीतच मँगनीज आहे. तेवढ्यावरून खाणीला दोषी धरणे न्यायाचे नाही.

धरणात आणखी एक गोष्ट घडते. घाण कुजते, तळाचा प्राणवायू संपतो आणि गाळातले मँगनीज पुन्हा पाण्यात विरघळते. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोय नसेल तर ०.३. भगिनींनी ध्यानात ठेवावे, पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही.

जपानमध्ये कामिओका खाणीचे कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत गेले. तो भात खाऊन माणसांची, विशेषतः वयस्क बायांची, हाडे ठिसूळ झाली. लोक त्या रोगाला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, म्हणत. सरकारने खाणीचा संबंध मान्य केला तो १९६८ साली. आपल्याकडे तसे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण आपणही भातच खातो, आणि गोसीखुर्दचे पाणी धानालाच जाते.

तेव्हा माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘पाणी दूषित आहे काय’ असे मोघम विचारू नये. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, मँगनीज अशी नावे घालावीत; नमुना कोठला, कोणत्या तारखेचा, आणि गाळ तपासला होता का, हे विचारावे.