हायब्रिड पिकअप आणि घाटातले मायलेज

हायब्रिड (इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली) पिकअप घाट चढताना जाळलेले इंधन उतारावर भरून काढते, हा समज अर्धाच खरा आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठताना गाडी हजार मीटरहून अधिक चढते. भार जितका जास्त, तितके इंधन जास्त. उतरताना मोटर जनित्रासारखी फिरून बॅटरी भरते. पण पागोळीखालची बादली भरली की पुढचे पाणी वाहून जाते, तसेच बॅटरी भरल्यावर उरलेल्या ऊर्जेचे होते. शिवाय ऊर्जेच्या प्रत्येक रूपांतरात थोडी गळती असतेच. हायब्रिडचा खरा फायदा महाडच्या बाजारपेठेतल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत. कंपनीचा मायलेजचा आकडा ठरावीक चाचणीतून येतो. तो गाड्यांच्या तुलनेसाठी वापरावा. आपला खर्च मात्र माल भरलेल्या गाडीवर, टाकी फुल्ल ते फुल्ल मोजावा.