परसातल्या कोंबड्या आणि मानमोडी

आता परसातल्या कोंबड्यांकडे येऊ. वांगी-मिरचीचा वाफा, कडेला शेवगा आणि चार-पाच कोंबड्या, एवढ्यात घरची भाजी-अंडी निघतात. पण राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली की थोड्या दिवसांत खुराडं रिकामं होतं. हा विषाणूचा रोग. त्यावर औषध नाही, आधी दिलेली लसच वाचवते. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालायचा. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून घ्यायची. अडचण अशी, की कुपी शंभरेक पक्ष्यांची असते, आपल्याकडे पाच. आणि कालवलेली लस उद्यापर्यंत टिकत नाही. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा, कुपी बर्फातून आणा. एकटीच्या कोंबड्या एकटीनं वाचत नाहीत, बाई.