२८ गाणी, ५४ मिनिटे

३१ डिसेंबर १९७७. उत्तर लंडनच्या फिन्सबरी पार्क भागातलं रेनबो थिएटर. १९३० साली सिनेमागृह म्हणून बांधलेली ही भव्य वास्तू तेव्हा रॉक संगीताचं मोठं ठिकाण होती. सरत्या वर्षाच्या त्या रात्री न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून आलेले चार तरुण काळी चामडी जाकिटं घालून तिथं उभे राहिले आणि तासाभराच्या आत २८ गाणी वाजवून गेले. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण एप्रिल १९७९ मध्ये ‘इट्स अलाइव्ह’ या नावानं दोन तबकड्यांवर निघालं. रमोन्स हा बँड ज्यांनी कधीच ऐकलेला नाही, त्यांना मी याच अल्बमपासून सुरुवात करायला सांगतो. त्यांचे स्टुडिओतले अल्बम त्यानंतर.

जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी. चौघांनीही रमोन हे आडनाव लावलं, पण नात्यानं कुणीच कुणाचा भाऊ नव्हता. सत्तरच्या दशकात रॉक संगीत फार पसरट झालं होतं. एकेका गाण्यात दहा-दहा मिनिटांची गिटारवादनं, सोबत वाद्यांचा डोलारा. या चौघांनी ते सगळं काढून टाकलं. तीन-चार कॉर्ड्स, दोन मिनिटं, की गाणं संपलं. १९७६चा त्यांचा पहिला अल्बम ६,४०० डॉलरमध्ये, आठवडाभरात तयार झाला. त्यात १४ गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या आत संपतो. अमेरिकेतल्या रेडिओनं मात्र त्यांची दखल जवळजवळ घेतलीच नाही.

दखल घेतली ती इंग्लंडनं. ४ जुलै १९७६ रोजी अमेरिका स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी करत असताना हे चौघे लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवत होते. अशाच छोट्या, वेगवान गाण्यांचं ब्रिटिश पंक संगीत तेव्हा नुकतं उभं राहत होतं. लंडनच्या त्या भेटीत त्यांना ऐकलेल्या तरुणांपैकी काहींनी पुढं स्वतःचे बँड काढले. घरी छोट्या क्लबांत वाजवणाऱ्यांना परक्या देशात दीड वर्षात रेनबोसारखं थिएटर मिळालं, ते या श्रोत्यांमुळं.

डिसेंबर १९७७च्या ब्रिटन दौऱ्यात सलग चार कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाले. २८ डिसेंबरला बर्मिंगहॅम, मग स्टोक-ऑन-ट्रेंट, मग आयल्सबरी आणि शेवटी लंडन. निवड लंडनची झाली. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांनी पुढच्या दहा रांगांतल्या खुर्च्या उखडून रंगमंचाकडे भिरकावल्या, हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. खुर्च्यांची गोष्ट वेगळी ठेवली तरी ती निवड योग्यच होती, असं माझं मत आहे.

त्याचं कारण जॉनीच्या उजव्या हातात आहे. गिटारच्या तारा सहसा खाली-वर अशा दोन्ही दिशांनी छेडतात. जॉनी जवळजवळ सगळं फक्त खालच्या दिशेनंच छेडायचा, तेही भन्नाट वेगानं. सतारियानं ‘दा’ आणि ‘रा’मधला ‘रा’ टाकून तासभर नुसता ‘दा’च द्रुत लयीत वाजवावा, तसं. त्यामुळं स्वर करवतीसारखा सलग आणि टणक येतो. स्टुडिओत गिटारचे दोन-तीन थर चढवता येतात. रंगमंचावर एकच गिटार असते, आणि तरीही रेनबोतला आवाज स्टुडिओपेक्षा भरीव वाटतो. लयही मूळ अल्बमपेक्षा चढी आहे. दोन गाण्यांच्या मध्ये गप्पा जवळपास नाहीतच. जोई एखादं वाक्य बोलतो, डी डी ‘वन-टू-थ्री-फोर’ ओरडतो, की पुढचं गाणं सुरू. टाळ्या संपायला उसंतच मिळत नाही.

या वेगाला आवर घालणारा माणूस होता ड्रमवरचा टॉमी. तो मूळचा बुडापेस्टचा आणि स्टुडिओच्या कामातला जाणकार. आधी तो बँडचं व्यवस्थापन बघणार होता. पण त्याला हवा तसा साधा, न डगमगणारा ठेका कुणी धरेना, तेव्हा काठ्या त्यानंच हाती घेतल्या. ‘इट्स अलाइव्ह’ची निर्मितीही त्यानं एड स्टेझियमसोबत केली. दौऱ्यांच्या दगदगीला कंटाळून १९७८ मध्ये त्यानं ड्रम सोडले आणि त्याच्या जागी मार्की आला. मार्की उत्तम वादक होता. तरीही मूळ चौघांचा ताळमेळ रेनबोच्या रात्री जसा ऐकू येतो, तसा पुढं आला नाही.

ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत ‘इट्स अलाइव्ह’ २७व्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत तेव्हा तो काढलाच गेला नाही. बँड १९९६ मध्ये थांबला, तोवर त्यांचे दोन हजारांहून जास्त कार्यक्रम झाले होते. पहिल्या अल्बमला अमेरिकेत सुवर्ण तबकडीचा मान मिळाला तो २०१४ साली, प्रकाशनानंतर ३८ वर्षांनी. जोई, डी डी आणि जॉनी २००१ ते २००४ या काळात वारले होते. मान मिळाल्यावर काही महिन्यांतच टॉमीही गेला.

२०१९ मध्ये, अल्बमच्या चाळिशीनिमित्त, दौऱ्यातले ते चारही कार्यक्रम एकत्र प्रसिद्ध झाले. ऐकणार असाल तर लंडनचाच आधी ऐका. गाणी निवडत बसू नका, मधे थांबू नका, आणि आवाज मोठा ठेवा.